उंदराच्या पिलाचा भित्रेपणा

घरात कुणाला नैराश्याचा किंवा सततच्या चिंतेचा आजार असला, की मुलांच्या मनात एक प्रश्न घर करून बसतो : 'मलाही तो होणार का?' कुणी म्हणते, 'रक्तातच आहे.' कुणी म्हणते, 'परिस्थितीने झाले.' दोघांचेही अर्धेच खरे. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी. तरीही एकाला नैराश्य आले म्हणजे दुसऱ्याला येतेच असे नाही.

मग परिस्थिती शरीरात शिरते तरी कशी? कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठात मायकेल मीनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. काही उंदरिणी पिलांना सारख्या चाटतात, काही क्वचितच. खूप चाटलेली पिले मोठेपणी धीट निघतात. संकटात त्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक वाढते खरे, पण बेताने. कमी चाटलेली पिले बुजरी होतात.

तुम्ही म्हणाल, भित्र्या आईची पिले भित्रीच असणार, त्यात नवल काय? शंका रास्त आहे. म्हणूनच तर पिलांची अदलाबदल केली. क्वचित चाटणाऱ्या उंदरिणीची पिले जन्मताच दुसरीच्या कुशीत ठेवली आणि ती धीट झाली! हे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

खरी गंमत २००४ साली कळली. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात हे संप्रेरक ओळखणारी प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. संप्रेरक पुरेसे झाले की त्यांच्यामार्फत 'आता पुरे' असा निरोप जातो. कमी चाटलेल्या पिलांत या ग्राहीच्या जनुकाच्या आरंभीच मेथिल गट चिकटलेले आढळले. मेथिल गट म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणू, एवढेच! जनुक शाबूत, पण त्याचे वाचन मंदावते. ग्राही थोडे, म्हणून निरोपही क्षीण. हा फरक जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातच पडतो.

उंदरावरून माणसावर एकदम उडी मारू नका. आपल्याकडे एक नव्हे, अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो. शिवाय मारहाण, वियोग, एकटेपणा, गरिबी. आईला दोष देण्यासाठी तर हा प्रयोग मुळीच वापरू नये.

त्याच प्रयोगात वाढलेल्या उंदरांच्या मेंदूत ट्रायकोस्टॅटिन-ए हे रसायन सोडले, तेव्हा दोन्ही गटांतला फरक नाहीसा झाला. ते काही माणसांचे औषध नव्हे. माणसाच्या नैराश्यावर आणि चिंतेवर डॉक्टरांची औषधे आहेत, तज्ज्ञांशी बोलून होणारे उपचार आहेत आणि पुष्कळांना त्यांनी बरे वाटते, मग आजार घराण्यात असो वा नसो.