क्लच एकाएकी निकामी झाल्यास : चालकाने काय करावे आणि का करावे

मोटार चालविणाऱ्याचा ब्रेकवर जेवढा विश्वास असतो तेवढाच क्लचवरही असतो; परंतु ब्रेकविषयी तो जितका विचार करतो तितका क्लचविषयी करीत नाही. ब्रेक निकामी झाला तर काय अनर्थ ओढवेल, हे सर्वांस ठाऊक असते. क्लच निकामी झाला तर नेमके काय होते, हे मात्र प्रत्यक्ष प्रसंग येईपर्यंत पुष्कळांस ठाऊक नसते. असा प्रसंग बहुधा गर्दीच्या चौकात, घाटाच्या चढणीवर किंवा रेल्वेफाटकापाशी येतो. कारण क्लचचा वापर अशाच ठिकाणी अधिक होतो. तेथे घाबरून केलेली कृती मूळ बिघाडाहून अधिक घातक ठरते. यास्तव प्रथम क्लचची रचना समजून घेऊ. पुढील सर्व नियम त्या रचनेतूनच निघतात. ते पाठ करण्याची गरज नाही.

१. क्लचचे कार्य

इंजिन आणि चाके यांच्या गरजा भिन्न असतात. इंजिनास चालू राहण्यासाठी मिनिटास सुमारे ८०० फेरे घ्यावे लागतात. त्याहून फार कमी झाल्यास ते बंद पडते. चाकांना मात्र कधी उभे राहावे लागते, तर कधी वेगाने फिरावे लागते. या दोहोंचा सांधा हवा तेव्हा तोडता व हळूहळू जोडता यावा, यासाठी क्लचची योजना असते.

इंजिनाच्या दांड्यावर फ्लायव्हील नावाचे जड चक्र पक्के बसविलेले असते. गिअरबॉक्समधून येणाऱ्या दांड्यावर क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही अंगांस घर्षण करणारे अस्तर लावलेले असते. प्रेशर प्लेट ही तिसरी चकती स्प्रिंगच्या जोराने क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते, आणि घर्षणामुळे तिन्ही एकत्र फिरू लागतात. चालकाने पेडल दाबले म्हणजे स्प्रिंगचा दाब मागे घेतला जातो, क्लच प्लेट मोकळी होते आणि इंजिनाचा चाकांशी असलेला संबंध तुटतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी : पायाने दाबून आपण क्लच जोडीत नाही, सोडवितो. जोडण्याचे काम स्प्रिंग आपण होऊन करते.

२. बिघाडाचे दोन प्रकार

पायाचा दाब स्प्रिंगपर्यंत पोहोचविण्याच्या दोन रीती आहेत. एकीत पोलादी तारांची केबल असते. दुसरीत नळीतून जाणारे ब्रेक ऑइल हे काम करते. केबल तुटली अथवा तेल गळून गेले, तर पेडल एकाएकी खाली जाऊन पडते आणि पायास प्रतिकार जाणवत नाही. स्प्रिंग तर शाबूत असते. अर्थात क्लच जोडलेलाच राहतो आणि तो सोडविता येत नाही. हा पहिला प्रकार होय.

दुसऱ्या प्रकारात अस्तर झिजते किंवा त्यावर तेल लागते. मग इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. कधी जळकट वासही येतो. येथे क्लच जोडला जात नाही. हा बिघाड सहसा पूर्वसूचना देऊन येतो. चढणीवर त्याची लक्षणे दिसताच ॲक्सिलरेटर सोडावा आणि गाडी कडेला घेऊन हॅण्डब्रेक लावावा. केवळ गिअरमध्ये ठेवल्याने अशी गाडी उतारावर उभी राहीलच असे नाही; म्हणून चाकामागे दगडाची उटी द्यावी.

एकाएकी होणारा बिघाड बहुतेक पहिल्या प्रकारचा असतो. पुढील विवेचन त्याविषयी आहे.

३. थोडी आकडेमोड

उदाहरणादाखल एक लहान गाडी घेऊ. तिच्या चाकाचा परीघ १.८ मीटर आहे; आणि चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे पहिल्या गिअरमध्ये १४, दुसऱ्यात ८ व तिसऱ्यात ५.६ होतात. इंजिन मिनिटास ८०० फेऱ्यांनी चालत असता ही गाडी पहिल्या गिअरमध्ये ताशी सुमारे ६, दुसऱ्यात ११ व तिसऱ्यात १५ किलोमीटर वेगाने जाईल. क्लच सोडविता येत नसेल, तर त्या त्या गिअरमधील हीच वेगाची खालची मर्यादा होय. तिच्याखाली वेग गेला की इंजिन गचके देऊन बंद पडते.

आता ही गाडी ताशी २० किलोमीटर वेगाने जात आहे असे समजा. चाक मिनिटास सुमारे १८५ फेरे घेईल. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे सुमारे १,०३७ असतील. दुसऱ्यात ते १,४८१ असावयास हवेत. म्हणून तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना इंजिनाचे फेरे सुमारे ४५० नी वाढवावे लागतील. वरच्या गिअरमध्ये जाताना उलट ते तेवढेच कमी होऊ द्यावे लागतील. फेऱ्यांचा हा मेळ जमला म्हणजे क्लचविनाही गिअर बदलतो.

या कामी गिअरबॉक्समधील सिंक्रोमेश यंत्रणेचे साहाय्य होते. कॅडिलॅक गाड्यांत ती १९२८ साली प्रथम आली. गिअर गुंतण्यापूर्वी लहान शंकूंच्या घर्षणाने ती दोन भागांचे वेग सारखे करते. परंतु क्लच सुटलेला असेल तर तिला केवळ क्लच प्लेट व तिचा दांडा यांचाच वेग बदलावा लागतो. क्लच जोडलेला असेल तर सबंध इंजिनाचा भार तिच्यावर पडतो. म्हणून क्लचविना गिअर बदलताना दांडी जोराने ढकलू नये. फेऱ्यांचा मेळ चालकानेच जमवावा.

४. धावत्या गाडीत पेडल खाली गेल्यास

पहिली गोष्ट ही की, एकदम ब्रेक दाबू नये. गाडी चालूच आहे, ब्रेक व स्टिअरिंग शाबूत आहेत. मागून येणाऱ्या वाहनाची धडक हाच या क्षणीचा मोठा धोका आहे. इशाऱ्याचे दिवे लावावेत, आरशात पाहावे आणि गाडी डाव्या कडेला घ्यावी. पेडल दोन-चार वेळा भराभर दाबून पाहावे. तेलाची यंत्रणा असल्यास कधी कधी तात्पुरता दाब मिळतो.

थांबावयाचे झाल्यास ॲक्सिलरेटर थोडा सैल सोडावा. इंजिन ओढतही नाही आणि रोधीतही नाही, अशा क्षणी दातांवरील ताण जातो. तेव्हा दांडी हलक्या हाताने न्यूट्रलमध्ये येते. मग नेहमीप्रमाणे ब्रेक लावावा. ती न आल्यास ब्रेक ठामपणे दाबून गाडी उभी करावी. इंजिन बंद पडेल, एवढेच. मात्र किल्ली काढू नये, कारण त्यामुळे स्टिअरिंगला कुलूप लागू शकते. तसेच इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला मिळणारे निर्वात यंत्रणेचे साहाय्य एक-दोन दाबांपुरतेच उरते. म्हणून दाबलेला ब्रेक सोडून पुन्हा पुन्हा दाबू नये.

घाटाच्या उतारावर न्यूट्रलचा मोह अगदी टाळावा. तेथे गिअरमध्ये राहिलेले इंजिन गाडीचा वेग रोधून धरते. ते साहाय्य घालविले तर सर्व भार ब्रेकवर पडून ते तापतात. रुंद व सपाट जागा येईपर्यंत आहे त्या गिअरमध्येच उतरावे.

५. उभी गाडी हलवावयाची असल्यास

गाडी रहदारीच्या मध्यभागी उभी राहिली आणि ढकलण्यास माणसे असली, तर न्यूट्रलमध्ये ढकलणे सर्वांत सुरक्षित. माणसे नसल्यास स्टार्टरचा उपयोग होतो. स्टार्टर इंजिनास मिनिटास सुमारे २०० फेरे देतो असे धरले, तर वरील गाडी पहिल्या गिअरमध्ये मिनिटास सुमारे २६ मीटर, म्हणजे पायी चालण्याहूनही सावकाश, सरकेल. म्हणून इंजिन बंद असतानाच पहिला गिअर टाकावा, पुढे कोणी नाही अशी खात्री करावी, हॅण्डब्रेक सोडावा आणि मग किल्ली फिरवावी. पेडल दाबल्याशिवाय ज्या गाड्या सुरू होत नाहीत, त्यांत ते दाबून धरावे. केबल तुटलेली असल्याने गाडी तरीही सरकेल. स्टार्टर एका वेळी काही सेकंदांपेक्षा अधिक चालवू नये.

गाडी रेल्वेरुळांवर बंद पडली असेल, तर क्रम निराळा आहे. आधी सर्वांना खाली उतरवून रुळांपासून दूर न्यावे आणि फाटकवाल्यास कळवावे. गाडी येण्याची शक्यता नाही असे त्याने सांगितल्यावरच वरील उपाय योजावा. मोटार गेली तर दुसरी येईल.

अशा रीतीने गाडी दूरवर नेण्याचा हट्ट धरू नये. जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत पोहोचणे एवढाच या युक्तीचा हेतू आहे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि अन्यत्र संकटसमयी ११२ या क्रमांकावर साहाय्य मागता येते. गाडीमागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. गाडी गिअरमध्ये उभी केली असल्यास, पुन्हा किल्ली फिरविताना ती पुढे उडी घेईल, हे विसरू नये.

६. पूर्वसूचना आणि काळजी

रिव्हर्स गिअर टाकताना दात करकरणे, पेडल जड होणे किंवा फार खाली गेल्यावरच क्लच सुटणे, तेलाची पातळी उतरणे ही लक्षणे दिसताच गाडी दुरुस्तीस न्यावी. कित्येक गाड्यांत क्लच व ब्रेक यांचे तेल एकाच टाकीतून येते. म्हणून तेथील गळती ही ब्रेकचीही काळजी समजावी. तीत इंजिन ऑइल कदापि घालू नये. त्याने रबरी सील फुगून खराब होतात. चालताना पाय पेडलवर टेकवून ठेवणे आणि चढणीवर हाफ क्लचने गाडी तोलून धरणे, या दोन सवयी अस्तर लवकर झिजवितात. चढणीवरील काम हॅण्डब्रेकचे आहे. ते त्यालाच करू द्यावे.

अभ्यासासाठी

१. केबल तुटल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून चढणीवर उभी राहू शकते; अस्तर झिजलेली गाडी तशी राहीलच असे नाही. असे का?

२. वर घेतलेली गाडी ताशी १५ किलोमीटर वेगाने जात असता दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात यावयाचे आहे. इंजिनाचे फेरे कितीवरून कितीवर न्यावे लागतील? (उत्तर : सुमारे १,१११ वरून १,९४४ वर.)