'आडवाट' : शब्दाचा अर्थ व उपयोग

'आडवाट' म्हणजे काय, असे विचारले असता मुले बहुधा 'वाईट रस्ता' असे सांगतात. या उत्तरात तथ्य थोडेच आहे. उरलेला अर्थ शिक्षकांनी पाठाच्या वेळी उलगडून दाखवावा.

'आड' हा येथे उपसर्गासारखा आला आहे. बाजाराचा वार सोडून इतर तो आडदिवस, हमरस्त्यापासून दूर ते आडगाव, नेहमीचे नव्हे असे अवचित येणारे ते आडगिऱ्हाईक. यांपैकी कशातही वाईटपणा नाही. 'मुख्य नव्हे' एवढेच त्यात आहे. पाण्याचा आड आणि बाजारातील आडत हे शब्द मात्र अगदी निराळे. सावद्याच्या मुलांच्या कानावर आडत नेहमी पडत असल्याने तेवढा घोटाळा आधीच दूर करावा.

वाट मुख्य की आड, हे पाहणारा कोठे उभा आहे यावर ठरते. सावद्यावरून जाणाऱ्या बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरील प्रवाशास केळीच्या बागांत शिरणारी चाकोरी आडवाट वाटते. बागाईतदारास तीच मुख्य होय. कापलेला घड फार दिवस टिकत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतले, की माल हमरस्त्यास लागत नाही. मग सावदा वा रावेर स्थानकावरून दिल्लीकडे निघणाऱ्या वाघिणी काय कामाच्या?

'आडमार्गाला लागणे' यात दुर्वर्तनाचा लाक्षणिक अर्थ आहे. 'आडवाटेने आला' यात दोष असतोच असे नाही. ही दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत.

कागदोपत्री मात्र 'आडवाट' हा शब्द पुरत नाही. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने व पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवितात. दोन्ही अंगांस कुंपण वा बांध असलेली अरुंद वाट ती पाणंद. हा शब्द २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेच्या नावातही आला आहे. वहिवाटीची वाट कोणी अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये, आणि दुसऱ्याच्या बांधावरून वाट हवी असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये तहसीलदाराकडे अर्ज करावयाचा असतो. असे अर्ज लिहून घेण्यास खेड्यातील माणसे पुष्कळदा शिक्षकांकडेच येतात.

वरच्या वर्गातील मुलांकडून घरापासून शेतापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढून घ्यावा. गाडी कोठपर्यंत जाते व पायी कोठून जावे लागते, हे त्यांनी याच दोन रेषांनी दाखवावे.