वडिलांचे मृत्युपत्र आणि थोरल्याची जबाबदारी



वडील गेले की तेराव्यालाच कपाटाची किल्ली कुणाकडे, यावर कुजबुज सुरू होते. मृत्युपत्रात थोरल्याचे नाव व्यवस्थापक म्हणून असले, की त्याला वाटते, आता सगळं आपलंच. तसे नाही. व्यवस्थापक हा राखणदार. मालमत्ता गोळा करायची, सांभाळायची, देणी फेडायची आणि मृत्युपत्राप्रमाणे ज्याचे त्याला द्यायचे, हे त्याचे काम.

समजा, एखाद्या सभासदाचा ऊस इकडे आणि वडिलोपार्जित भातखाचरे रायगड जिल्ह्यात, पेण व रोहा तालुक्यांत. मग सात-बारा आणि आठ-अ तिन्ही ठिकाणचे गोळा करावे लागतात. पेणच्या खाडीकाठची जमीन तर खारबांधाच्या जिवावर. भाऊ भांडत बसले आणि बांधाला खांड पडली, तर भरतीचे पाणी खाचरात शिरते. मग वाटून घ्या मीठ! इकडे उभा ऊस वाळू देणे हीही तीच चूक. अशा हयगयीचे नुकसान व्यवस्थापकाला स्वतःच्या खिशातून भरावे लागू शकते.

अंत्यविधीचा खर्च, सोसायटीचे पीककर्ज ही देणी आधी, वाटे नंतर. वडिलांच्या उसाचे बिल आले तर त्याची वही वेगळी ठेवा, घरखर्चात मिसळू नका. उद्या बहीण हिशेब मागेल, आणि तो तिचा हक्कच आहे.

बहिणीचे निघालेच म्हणून सांगतो. वडिलोपार्जित जमिनीत वडील फक्त आपल्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करू शकतात. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः हिस्सेदार आहे. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. रोह्याला दिलेली बहीण खुशीने हक्क सोडत असेल, तर हक्कसोडपत्र नोंदवून घ्या. साडीचोळीवर भागत नाही.

जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे वारसाची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यायची, पेण, रोहा आणि इथे, तिन्हीकडे वेगवेगळी. मात्र फेरफार झाला म्हणजे मालकी ठरली असे नव्हे. ती नोंद मुख्यतः महसुलासाठी. पेण-रोह्याच्या जमिनीला प्रोबेट सक्तीचे नाही, पण मृत्युपत्रावरच वाद झाला तर दिवाणी कोर्टाची पायरी चुकत नाही.

राहिला कारखान्याचा शेअर. १९६० च्या सहकार कायद्याने तो नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे होतो. पण इतर वारसांचा हक्क त्याने बुडत नाही. ज्यांनी नामनिर्देशन दिलेले नाही, किंवा ज्याचे नाव दिले तोच आता हयात नाही, त्यांनी शेअर विभागात येऊन फॉर्म भरावा.