छावणी थांबली

शास्त्रपाठ: गणना 12:1-16
पाठांतरासाठी वचन: याकोब 3:9
पाठाचा उद्देश: खेळात रंगावरून किंवा वंशावरून अपमान झाला तर त्याचा न्याय कोणी व कसा करावा, हे शास्त्राच्या प्रकाशात पाहणे.



जोयडा तालुक्यातील बाजारकुणंग येथे एका घरप्रार्थनेसाठी आम्ही गेलो होतो. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात मुलांचा फुटबॉल चालला होता. शेजारच्या वाडीतील एक सिद्दी मुलगा चेंडू घेऊन सर्वांच्या पुढे निघाला. त्याला अडवता येईना, तेव्हा आपल्याच शब्बाथशाळेच्या एका मुलाने त्याच्या रंगावरून त्याला जनावराचे नाव घेऊन हाक मारली. कडेला बसलेली मंडळी हसली. आम्ही हसलो नाही, पण गप्प बसलो, हे सांगावयास आम्हांस लाज वाटते. त्या मुलाने चेंडू तेथेच सोडला व तो घरी निघाला. "अरे, गंमत केली, मनावर काय घेतोस?" असे कोणीतरी मागून म्हणाले. खेळ पुढे चालू राहिला.

त्या रात्री आमच्या संदेशाचा विषय प्रीती हा होता. शब्द तोंडातून निघत होते, पण आमचे आम्हांलाच ते ऐकवत नव्हते.

सिद्दी बांधव उत्तर कन्नड जिल्ह्याला परके नाहीत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांतील पुष्कळांना पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले होते. आज त्यांच्यात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत आणि घरात ते कोकणी बोलतात. 2003 साली ह्या जिल्ह्यातील सिद्दींचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. 1987 च्या सुमारास भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलामुलींना निवडून धावण्याचे व इतर खेळांचे शिक्षण देण्यास आरंभ केला, पण 1993 मध्ये ती योजना बंद पडली. ह्यांचे मूळ आफ्रिकेतले, तेव्हा हे पदके आणतील, असा त्यामागे विचार होता. विचार करा, मंडळी: पदक हवे तेव्हा तोच वंश गुण ठरतो आणि सामना हरू लागलो की तोच वंश शिवी होतो! दोन्ही वेळा माणूस मात्र दिसत नाही.

आता शास्त्रपाठाकडे वळू.

1. परमेश्वराने ऐकले (वचने 1-3)

मोशेने कूशी स्त्रीशी लग्न केले होते. कूश म्हणजे मिसराच्या दक्षिणेचा, आजच्या सुदानकडचा प्रदेश. त्या स्त्रीवरून मिर्याम व अहरोन मोशेविरुद्ध बोलू लागले. मोशे अत्यंत नम्र होता. त्याने तक्रार केल्याचे शास्त्रात कोठेही नाही. पण परमेश्वराने ते ऐकले.

येथे पहिला धडा आहे. ज्याचा अपमान झाला त्यानेच ओरडून न्याय मागावा, अशी वाट पाहू नये. मैदानावर ऐकण्याचे काम पंचाचे, संघनायकाचे व संघाच्या चालकांचे आहे. सप्टेंबर 2023 मध्ये कोची येथील सामन्यानंतर केरळ ब्लास्टर्स संघाने तक्रार केली की, आपला मेघालयातील खेळाडू ऐबनभा डोहलिंग ह्याला प्रतिस्पर्ध्याने वंशद्वेषी हावभाव करून हिणवले. ही तक्रार संघाने स्वतः पुढे येऊन केली, ही गोष्ट योग्य झाली. 2024 साली फिफाने खेळाडूंसाठी एक खूण ठरवली: मनगटे एकमेकांवर आडवी धरली की पंचाने समजावे. मग पंचाने खेळ थांबवावा, सुधारणा न झाल्यास काही वेळ स्थगित करावा आणि तरीही न झाल्यास सामना सोडून द्यावा. असे नियम चांगले आहेत, पण ऐकणारा कान नसेल तर खुणेचा उपयोग काय?

2. तिघांना समोर बोलावले (वचने 4-9)

परमेश्वराने कुजबुजीवरून शिक्षा केली नाही. तिघांनाही त्याने तत्काळ दर्शनमंडपापाशी बोलावले व समोरासमोर विषय काढला. अनुवाद 19:15 दोन किंवा तीन साक्षीदारांची अट घालते. न्याय कडक असावा, तसाच तो पुराव्याचाही असावा.

जानेवारी 2008 मधील सिडनीचा कसोटी सामना वाचकांना आठवत असेल. अँड्र्यू सायमंड्सला माकड म्हटल्याच्या आरोपावरून हरभजन सिंगवर तीन कसोटींची बंदी आली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन ह्यांनी वंशद्वेषाचा आरोप सिद्ध होत नाही असे ठरवले व केवळ अपशब्दांबद्दल दंड केला. त्या निर्णयाचा मान राखावा. पण आपले हात झाडू नयेत, कारण त्यापूर्वी ऑक्टोबर 2007 मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर प्रेक्षकांतील काही जणांनी त्याच खेळाडूला माकडाचे हावभाव करून दाखवले होते.

"आमच्याकडे प्रेमाने असेच म्हणतात" हा बचाव फार ऐकू येतो. 2011 मध्ये लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझने मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला रंगावरून बोलल्यावर असाच बचाव केला. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने तो मानला नाही व त्याच्यावर आठ सामन्यांची बंदी घातली. आपल्याकडेही डॅरेन सॅमी हैदराबादच्या संघात असताना त्याला 'काळू' म्हणत. त्या शब्दाचा अर्थ बलवान असा आहे असे त्याला वाटे. खरा अर्थ त्याला 2020 मध्ये समजला आणि तो दुखावला गेला. नंतर एका सोबत्याने त्याच्याशी मोकळेपणाने बोलून आपला हेतू सांगितला, तेव्हा त्याचे मन शांत झाले. शब्दाचे वजन उच्चारणाऱ्याने ठरवू नये. ज्याच्यावर तो पडतो त्याला विचारावे.

3. सात दिवस (वचने 10-14)

काळ्या कातडीच्या स्त्रीवरून बोलणारी मिर्याम कोडाने बर्फासारखी पांढरी झाली. मोशेने तिच्यासाठी आरोळी करून विनंती केली. क्षमा मागितली गेली, तरी शिक्षा रद्द झाली नाही. सात दिवस तिला छावणीबाहेर राहावे लागले. ती संदेष्ट्री होती, मोशेची बहीण होती, पण तिचे नाते किंवा मान आड आला नाही. तसेच संघाचा उत्तम गोल करणारा म्हणून कोणाला सोडू नये.

फिफाच्या नियमाप्रमाणे अशा खेळाडूस किमान दहा सामन्यांची बंदी आहे. मार्च 2021 मध्ये ग्लासगो येथे स्लाव्हिया प्रागच्या आँद्रे कुडेलाने तोंडावर हात धरून रेंजर्सच्या ग्लेन कमाराच्या कानात काही म्हटले. युरोपीय संघटनेने चौकशी करून कुडेलावर दहा सामन्यांची बंदी घातली. सामन्यानंतर मारहाण केल्याबद्दल कमारालाही तीन सामने बाहेर बसवले. दोघांचे दोष वेगळे मोजले, हे बरोबर. अपमानित माणसाचा राग दाखवून मूळ अपराध झाकू नये.

4. छावणी थांबली (वचने 15-16)

मिर्यामला परत आणीपर्यंत लोकांनी कूच केले नाही. सात दिवस सारे इस्राएल हसेरोथ येथे थांबले. एकीची चूक, पण वाट सर्वांची अडली. आमच्या मते ह्या पाठाचे मर्म येथे आहे. जेथे खेळ पुढे चालू राहतो, तेथे अपराध करणारा एक असला तरी मान्यता सर्वांची असते. संघ थांबला म्हणजे अपराध्याला त्याचे वजन कळते आणि अपमानिताला कळते की तो एकटा नाही. शिवाय सात दिवसांनी मिर्याम परत आली. तिला कायमची टाकली नाही. बंदीच्या शेवटी परतीचे दार असले पाहिजे.

पुढच्या फेरीत आम्ही त्या सिद्दी मुलाच्या घरी गेलो. वडिलांनी पाणी दिले, बसवले. आम्ही क्षमा मागितली तेव्हा ते म्हणाले, "पोरं आहेत, चालायचंच." मुलगा मात्र आतून बाहेर आला नाही. वडिलांची ती नम्रता मोशेसारखी होती, पण तिच्या आड आम्हांस लपता येत नाही. शब्बाथशाळेच्या मुलांशी बोलून आम्ही ठरवले की, त्या मुलाने दोन सामने बाहेर बसावे आणि तोवर आपल्या संघाने कोणाशीही खेळू नये. मुले कुरकुरली, पण थांबली. तिसऱ्या सामन्याचे बोलावणे घेऊन तोच मुलगा त्या वाडीवर गेला. सिद्दी मुलगा अजून खेळावयास आलेला नाही. आम्ही वाट पाहत आहोत.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

1. मोशेने तक्रार केली नाही, तरी न्याय का झाला?
2. आपल्या घरात व मंडळीत रंगावरून किंवा जातीवरून कोणती टोपणनावे चालतात? ज्याला ती दिली आहेत त्याला आपण कधी विचारले आहे काय?
3. क्षमा झाल्यावरही मिर्यामला सात दिवस बाहेर का राहावे लागले?
4. आपल्या मुलांच्या सामन्यात असे घडले तर खेळ कोण थांबवील? त्याचे नाव आजच ठरवा.