पडद्यावर देखणी, पत्रिकेवर तुटकी

प्रश्न : मुलीच्या लग्नपत्रिकेचा इंग्रजी मजकूर आम्ही ‘बोडोनी’ फॉन्टमध्ये घेतला. संगणकावर अक्षरं फार देखणी दिसत होती. पत्रिका सोनेरी शाईत छापून आली तेव्हा वधूवरांची मोठी नावं छान उठली होती, पण खालच्या पत्त्यातल्या बारीक रेषा जागोजागी तुटलेल्या. छापखानेवाला म्हणतो, फॉन्टच तसा आहे. मग फॅशनच्या मासिकांवर तो इतका शोभतो कसा?

उत्तर : छापखानेवाल्यावर रागावू नका, त्याचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. पण फॉन्टचाही दोष नाही. भांडण आहे ते अक्षराच्या मापाचं.

या अक्षराकडे जरा जवळून पाहा. मोठा ‘एच’ घ्या. त्याचे दोन्ही उभे खांब भरदार, मधला आडवा दांडा मात्र जेमतेम दिसेल इतका. खांबांच्या टोकांना ज्या आडव्या रेघा असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, त्याही तशाच बारीक आणि खांबाला थेट काटकोनात टेकलेल्या. जुन्या वळणाच्या अक्षरांत तिथे थोडी गोलाई असते, ती रेघेला आधार देते. इथे तो आधारच काढून टाकलाय.

हे वळण अठराव्या शतकाच्या अखेरीचं. पॅरिसमध्ये फर्मां दिदो आणि इटलीत पार्मा इथे जांबात्तिस्ता बोडोनी या दोघांनी ते टोकाला नेलं. त्यांच्या आधी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करविलने गुळगुळीत कागद आणि गडद काळी शाई वापरून वाट करून दिली होती. कागद खरखरीत असेल तर नाजूक रेघेवर शाई नीट बसतच नाही. कागद सुधारला, म्हणून रेघ बारीक होऊ शकली.

आता तुमच्या पत्रिकेचा हिशेब करू. समजा बारीक रेघेची जाडी अक्षराच्या पॉइंट मापाच्या पन्नासाव्या भागाइतकी आहे. ७२ पॉइंटांत ती सुमारे अर्धा मिलिमीटर होते. कोणीही छापू शकेल. तेच अक्षर ९ पॉइंटांवर आणलं की रेघ ०.०६ मिलिमीटरवर येते, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी. पत्रिकेचा कागद खडबडीत, त्यात स्क्रीन प्रिंटिंगची सोनेरी शाई. एवढी रेघ तिथे टिकायची कशी? गडद रंगावर पांढरी अक्षरं सोडली असतील तर उलटा प्रकार होतो : आजूबाजूची शाई पसरते आणि रेघ बुजवून टाकते. संगणकावर हे कळत नाही, कारण मजकूर दाखवताना आपण तो हमखास मोठा करून बघतो.

बोडोनीच्या काळी ही अडचण आपोआप सुटायची. शिशाचे खिळे प्रत्येक मापासाठी वेगळे घडवले जायचे, त्यामुळे लहान मापात कारागीर बारीक रेघ मुद्दाम थोडी जाड ठेवू शकायचा. संगणकावर एकच रेखाटन लहानमोठं करायची सोय झाली आणि ही काळजी मागे पडली. जाणकारांनी ती परत आणली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जोनाथन हॉफ्लरने ‘हार्पर्स बझार’ मासिकासाठी दिदो वळणाचा फॉन्ट केला, तो वेगवेगळ्या मापांसाठी वेगवेगळा रेखाटून. मासिकांवर तो शोभतो त्यात या मेहनतीचा वाटा आहे, आणि मुखपृष्ठाच्या मोठ्या मापाचा व तुकतुकीत कागदाचाही.

अशा अक्षरांनी डोळे बिघडतात, असंही कोणी तुम्हाला सांगेल. हा आक्षेप फार जुना. १७६०च्या सुमारास एका गृहस्थाने बेंजामिन फ्रँकलिनला सांगितलं, की बास्करविलच्या बारीक रेघा साऱ्या देशाला आंधळं करतील. फ्रँकलिन खट्याळ. त्याने कॅस्लन नावाच्या अक्षरकाराच्या साध्या, सवयीच्या अक्षरांचा नमुना घेतला, वरचं नाव फाडून टाकलं आणि तो बास्करविलचा म्हणून पुढे केला. गृहस्थ त्यातही एकेक दोष दाखवत बसले! आज बास्करविलची अक्षरं पुस्तकांच्या मजकुरासाठी खुशाल वापरतात. बोडोनीचं लांबलचक मजकुरात मात्र खरंच जड जातं. आडवे दुवे फिके पडतात, उरतात ते उभे खांब, आणि ओळ कुंपणासारखी दिसू लागते. त्याने डोळे शिणतील, बिघडणार नाहीत.

मराठी मजकुरालाही हाच थाट द्यावासा वाटला, तर थोडं थांबा. आपल्या अक्षरातला जाड-बारीकपणा बोरूच्या तिरप्या कापातून आलेला, त्यामुळे तो तिरकस फिरतो. उभं तेवढं जाड आणि आडवं तेवढं बारीक, असा सरळ हिशेब लावला तर पहिला बळी शिरोरेषेचा. मोठ्या मथळ्यांसाठी असे देवनागरी फॉन्ट आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ हा त्यातला एक. पत्त्यासाठी तो घेऊ नका.

पत्रिका पुन्हा छापणार असाल तर नावं आहेत तशीच राहू द्या. तारीख, वेळ, पत्ता एखाद्या साध्या, कमी नखऱ्याच्या फॉन्टमध्ये घ्या. आणि सगळ्या प्रती काढण्याआधी त्याच कागदावर, त्याच सोनेरी शाईत एक नमुना छापून मागा.