विहिरींचा उपसा व सफाई : एक लघुव्यवसाय

सन २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर या तहसिली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. संत्र्याच्या या पट्ट्यात पोहण्याचे तलाव रिकामे करून भरून देण्यास गिऱ्हाईक विरळाच; परंतु गाळाने भरलेल्या विहिरी उपसून देण्याचा व्यवसाय तरुणांनी विचारात घेण्याजोगा आहे.

हंगाम : विहिरीचे पाणी खोल गेलेले असते तो एप्रिल-मे हा काळ सोयीचा. आंबिया बहाराच्या फळांना तेव्हा पाण्याची गरज असल्याने उपसलेले पाणी बागेस द्यावे.

हिशेब : ६ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असल्यास ते सुमारे ८५,००० लिटर भरते. सेकंदास १० लिटर उपसणाऱ्या पंपास त्यासाठी सुमारे अडीच तास लागतील. झऱ्यांची आवक चालूच राहत असल्याने प्रत्यक्षात वेळ अधिक धरावा. उपशाची आकारणी तासावर व गाळाची ब्रासवर ठरवावी. प्रारंभी पंप व यारी भाड्याने घेणे श्रेयस्कर.

उपसा : कच्च्या बांधणीची विहीर एकदम रिकामी करू नये. आतील पाण्याचा आधार गेल्यावर बाहेरील ओल्या मातीच्या दाबाने बांधकाम ढासळू शकते. उपसा टप्प्याटप्प्याने करून भिंतीवर लक्ष ठेवावे.

सुरक्षितता : डिझेल इंजिन विहिरीत कदापि उतरवू नये, त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. सडलेल्या गाळातूनही विषारी वायू निघतात. कंदील विझल्यास प्राणवायू कमी आहे हे कळते. परंतु तो जळत राहिला म्हणून विषारी वायू नाही असे समजू नये. वायुमापक यंत्राने तपासणी करावी व पंख्याने हवा खेळवावी. उतरणाऱ्याच्या कमरपट्ट्यास दोर बांधून वर दोघांनी थांबावे. तो बेशुद्ध पडल्यास वरूनच ओढून काढावे. मदतीस तसेच उतरणारा दुसराही बळी पडतो.

निर्जंतुकीकरण : पिण्याच्या विहिरीत पाणी पुन्हा भरल्यावर दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे वरील विहिरीस सुमारे २१२ ग्रॅम, वापरावी. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा अधिक पावडर घेऊ नये. तिची पेस्ट करून पाणी मिसळावे, दहा मिनिटे निवळू द्यावे व वरचे पाणी विहिरीत सोडून ढवळावे. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. त्यानंतर किमान एक तास पाणी वापरू नये.

काम स्वच्छ आणि माणसे सुखरूप, हीच या व्यवसायाची खरी जाहिरात होय.