पडद्यावरचे प्रेम आणि आपल्या घरातली उच्चनीचता
(कौटुंबिक धर्मशिक्षण पाठ)





रात्रीची जेवणे आटोपली की आपल्यापैकी पुष्कळ घरांत टीव्ही किंवा मोबाईल सुरू होतो. मालिका आणि चित्रपट आपण सहकुटुंब पाहतो. त्यातल्या गरीब मुलीचा छळ झाला की आपल्या डोळ्यांत पाणी येते, श्रीमंत बापाने प्रेमी जीवांना वेगळे केले की आपल्याला राग येतो. पण आपल्याच घरी मुलाने किंवा मुलीने एखादे नाव सांगितले, तर आपला पहिला प्रश्न काय असतो? 'कोणाची? घर कसे आहे? आपल्या तोलामोलाचे आहेत का?' पडद्यावर आपण गरिबाच्या बाजूने असतो आणि घरात मात्र अनेकदा त्या रागीट बापाच्या बाजूने. ही तफावत ख्रिस्ती माणसाने नीट तपासून पाहावी यासाठी आजचा पाठ आहे. हा पाठ वाचण्यापूर्वी किंवा वाचल्यावर जुन्या करारातील रूथचे पुस्तक घरात मोठ्याने वाचावे. अध्याय फक्त चार आहेत.

१. या गोष्टी आपल्याला नवीन नाहीत

कुटुंब, प्रेम आणि उच्चनीचता हा विषय मराठी साहित्यात पहिल्यापासून आहे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती 'यमुनापर्यटन' १८५७ साली बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने लिहिली. घराण्याच्या अब्रूसाठी विधवांना काय काय सोसावे लागते, हे त्यांनी त्यात दाखवले. १९३७ साली व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' आला. त्यात मामा आपल्या तरुण भाचीचे, नीराचे, लग्न पैशाच्या मोहाने एका वृद्ध विधुराशी लावून देतो आणि ती ते लग्न मनाने स्वीकारायला ठाम नकार देते.

आपल्या भागात तर नाटकाची मोठी परंपरा आहे. धानाची कापणी झाली, दिवाळी सरली की गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र चालतात. वडसा हे त्यांचे मुख्य केंद्र. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीची ओळख देशभर झाली. भावाभावांतली वाटणी, सासूसुनेचा संसार, गरीब घरची सालस मुलगी हे या नाटकांचे नेहमीचे विषय. नाटकाला दुरून पाहुणे येतात आणि त्याच निमित्ताने सोयरिकीच्या गोष्टीही निघतात. रात्री रंगमंचावर जो अन्याय पाहून आपण हळहळतो, तोच सकाळी सोयरीक बोलताना आपल्या तोंडून होऊ नये.

२. तीन गोष्टी, तीन प्रश्न

पहिली गोष्ट देवदासची. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ही बंगाली कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर अनेक चित्रपट निघाले. आपल्या तालुक्यातल्या बंगाली बांधवांना ती सांगायला नको. जमीनदाराचा मुलगा देवदास आणि शेजारची पारो लहानपणापासून एकमेकांचे. पारोच्या घरून लग्नाची गोष्ट निघते तेव्हा देवदासचे आईवडील ती नाकारतात, कारण पारोचे घर हलके समजले जाते. आपण देवदासच्या दारूबद्दल आणि दुःखाबद्दल पुष्कळ बोलतो. पण त्याची खरी चूक त्याआधीची आहे. पारो त्याच्याकडे आली, त्या वेळी तो आईवडिलांसमोर उभा राहिला नाही. कलकत्त्याला निघून गेला आणि तिथून तिला तोडणारे पत्र लिहिले. पुढे पश्चात्ताप झाला, पण वेळ टळून गेली होती. तरुणांना या गोष्टीचा प्रश्न असा आहे : तुमचे प्रेम आईवडिलांसमोर आदराने आणि स्पष्टपणे बोलण्याइतके खरे आहे का? जे प्रेम चारचौघांत तोंड उघडत नाही, ते दुसऱ्या माणसाच्या आयुष्याची हानी करते.

दुसरी गोष्ट 'सैराट'ची. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी आला आणि त्याची गाणी अजून लग्नाच्या वरातींत वाजतात. गाण्यांवर आपण नाचतो, शेवट मात्र विसरतो. बड्या पुढाऱ्याची मुलगी आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या गरीब घरातला परश्या पळून हैदराबादला जातात. तिथे झोपडपट्टीत राहतात, कष्ट करतात, भांडतात. परश्या संशय घेतो, तिच्यावर हात उगारतो. ती रागाने निघून जाते आणि परत येते. मग हळूहळू संसार उभा राहतो, मूल होते. आर्ची आईशी फोनवर बोलू लागते. माहेरचे दार उघडले असे तिला वाटते आणि एके दिवशी भाऊ भेटवस्तू घेऊन येतो. त्या दिवशी दोघांचाही खून होतो. लहान लेकरू तेवढे मागे राहते. हा प्रश्न आईवडिलांना आणि भावांना आहे : घराण्याची अब्रू आपल्या लेकरापेक्षा मोठी कधी झाली? आपल्याकडे कदाचित कोणी शस्त्र उचलणार नाही. पण 'तू आमच्यासाठी मेलीस' असे म्हणून वर्षानुवर्षे दार बंद ठेवणारी घरे आहेत. बाळंतपणाला आई गेली नाही, आजोबांनी नातवाचे तोंड पाहिले नाही, हेही मारणेच आहे. जो भावावर रागावतो आणि त्याला तुच्छ लेखतो तोही न्यायाला पात्र आहे, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिकवले आहे (मत्तय ५:२१-२२).

तिसरी गोष्ट मालिकांची. 'होणार सून मी ह्या घरची' (२०१३ ते २०१६) या मालिकेत बँकेत नोकरी करणारी साध्या घरची जान्हवी मोठ्या उद्योगपती घराची सून होते. 'माझ्या नवऱ्याची बायको' (२०१६ ते २०२१) मधली राधिका नागपूरची, म्हणजे आपल्या विदर्भाची. तिची बोली, तिचे राहणे नवऱ्याला गावंढळ वाटते आणि तो दुसऱ्या स्त्रीच्या मागे लागतो. पुढे राधिका मसाल्यांचा व्यवसाय उभा करते आणि सगळे तिला मान देऊ लागतात. ते पाहून आपल्याला आनंद झाला, आणि तो योग्यच होता. पण क्षणभर विचार करा. तिने पैसा कमावला नसता तर ती मानाला पात्र नव्हती काय? मालिकांमध्ये गरीब मुलीची परीक्षा घेतली जाते आणि श्रीमंत घराची घेतली जात नाही. आपल्याही घरात सुनेचे माहेर गरीब असेल तर तिला टोमणे बसतात, जावयाचे घर गरीब असेल तर त्याला जेवायला शेवटच्या पंगतीत बसवले जाते. एकाच छपराखाली राहूनही वर्ग वेगळे पाळले जातात. हा प्रश्न सासूसासऱ्यांना आणि नवऱ्याला आहे.

३. पवित्र शास्त्रातील गोष्ट : शेतात सरवा वेचणारी सून

आता रूथची गोष्ट पाहू. ती मवाबी, म्हणजे परकी. नवरा मेलेला, मूल नाही, हातात पैसा नाही. सासू नामी म्हाताऱ्या वयात बेथलेहेमला परत निघते, तेव्हा सुनांना माहेरी जायला सांगते. रूथ जात नाही. तुमचे लोक ते माझे लोक आणि तुमचा देव तो माझा देव, अशा अर्थाचे ती बोलते आणि सासूबरोबर राहते. पोटासाठी ती जवाच्या शेतात सरवा वेचायला जाते. धान कापल्यावर बांधीत पडलेल्या लोंब्या वेचणाऱ्या बाया आपण दरवर्षी पाहतो, त्यांच्यातलीच ती एक.

शेताचा धनी बवाज श्रीमंत आहे. तो काय करतो ते बारकाईने वाचा. तिला कोणी हात लावू नये अशी तो गड्यांना ताकीद देतो. जेवणाच्या वेळी तिला आपल्या माणसांबरोबर बसवतो आणि स्वतः वाढतो. तिला जास्त मिळावे म्हणून लोंब्या मुद्दाम टाकायला सांगतो, आणि तिला बोल लावू नका असेही सांगतो, म्हणजे मदत करताना तिचा मान राखतो. शेवटी तो लपूनछपून काही करत नाही. गावाच्या वेशीत वडीलधाऱ्यांसमोर, साक्षीदारांच्या देखत तो तिच्याशी लग्न करण्याचे सांगतो. देवदासने जे केले नाही ते बवाजने केले. आणि नामीसारखी सासू असल्यामुळे रूथला आर्चीसारखे घर सोडून पळावे लागले नाही.

या गरीब, परक्या मुलीच्या पोटी ओबेद झाला, ओबेदाचा नातू दावीद राजा, आणि त्याच वंशात आपला प्रभू जन्मला. संत मत्तयाने येशूच्या वंशावळीत रूथचे नाव मुद्दाम लिहिले आहे (मत्तय १:५). नामीने त्या दिवशी 'आमच्या तोलामोलाची नाही' असे म्हटले असते तर? देवाने आपल्या पुत्रासाठी जे घर निवडले तेही गरिबाचेच होते. मंदिरात अर्पण करताना मरिया आणि योसेफ यांनी गरिबांचे अर्पण दिले (लूक २:२४).

४. ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. वंश, भाषा, सामाजिक स्थिती यांवरून माणसामाणसांत भेद करणे देवाच्या इच्छेविरुद्ध आहे (क्र. २९). आईवडिलांनी मुलांना लग्नाबाबत शहाणपणाचा सल्ला द्यावा, मुलांनी तो आनंदाने ऐकावा, परंतु अमुक एकाशीच लग्न कर अशी बळजबरी सरळ किंवा आडून करू नये (क्र. ५२). ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार वधूवरांची स्वखुशीची संमती हा लग्नाचा पाया आहे. धाकाने घेतलेल्या होकाराने संस्कार होत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे 'प्रेमाचा आनंद' हे बोधपत्र ८ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे 'सैराट' येण्याच्या तीन आठवडे आधी, प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी करिंथच्या भाविकांची आठवण दिली आहे. तिथले श्रीमंत लोक प्रभुभोजनाच्या वेळीही गरिबांना वेगळे टाकून खात पीत, म्हणून संत पौलाने त्यांना खडसावले (१ करिंथ ११:१७-३४). भारताच्या बिशपांनीही २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप असल्याचे म्हटले. एकाच वेदीवरून प्रभूचे शरीर घेणाऱ्या दोन घरांत सोयरीक मात्र होऊ शकत नाही, असे म्हणताना आपण थांबून विचार केला पाहिजे.

५. आपल्या गावात काय करता येईल?

आपल्या मुलचेरा तालुक्यात मराठी, माडिया, तेलुगू आणि बंगाली बोलणारी माणसे एकाच बाजारात भेटतात, मुले एकाच शाळेत शिकतात. त्यामुळे वेगळ्या समाजातल्या तरुणांची मने जुळणे स्वाभाविक आहे.

आईवडिलांसाठी : वय, व्यसन, स्वभाव, कष्टाची तयारी, श्रद्धा यांची चौकशी जरूर करा. ते तुमचे कर्तव्य आहे. जात, बोली, घराचे छप्पर आणि हुंडा यांची चौकशी सोडा. मुलगी १८ व मुलगा २१ वर्षांचा होण्याआधी लग्न लावू नका, तो गुन्हा आहे. सज्ञान मुलामुलींनी स्वतःच्या मर्जीने लग्न केल्यास त्यात आडकाठी करण्याचा कोणत्याही पंचायतीला अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही २०१७ पासून लागू आहे.

तरुणांसाठी : चित्रपट तीन तासांत संपतो, संसार चाळीस वर्षे चालवायचा असतो. घाईने पळून जाऊ नका. आधी घरात बोला. जमत नसेल तर फादर, सिस्टर किंवा तुमचे धर्ममातापिता यांना मध्यस्थीसाठी न्या. जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर फादरांशी बरेच आधी बोला. त्यासाठी परवानगीची वेगळी रीत आहे.

सर्वांसाठी : एक गोष्ट कोणत्याही मालिकेत दिसत नाही. आपल्या जिल्ह्यात कित्येक गरीब आदिवासी जोडपी वर्षानुवर्षे लग्नाच्या विधीशिवाय संसार करतात, कारण गावजेवणाचा खर्च त्यांना झेपत नाही. म्हणून तर सामूहिक विवाह सोहळे घ्यावे लागतात. आपल्या धर्मग्रामात कोणी जोडपे केवळ याच कारणाने संस्कारापासून दूर असेल, तर त्यांना सांगा की ख्रिस्ती विवाहाला जेवणावळ लागत नाही. धर्मगुरू, दोन साक्षीदार आणि दोघांची खरी संमती असली म्हणजे झाले. चहापाण्याचे आपण शेजारी मिळून पाहू.

घरात चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या महिन्यात पाहिलेल्या एखाद्या मालिकेत गरीब माणूस कसा दाखवला होता? विनोदासाठी, दयेसाठी की माणूस म्हणून?
२. आपल्या घरात कोणत्या सुनेला किंवा जावयाला माहेरावरून, घरावरून बोलले जाते काय?
३. लग्नामुळे तुटलेले एखादे नाते आपल्या कुटुंबात आहे काय? पहिला फोन कोण करील?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू सुताराचा मुलगा म्हणून हिणवला गेलास. आमच्या घरांतील गर्व दूर कर. आमच्या मुलामुलींना खरे प्रेम आणि धीर दे, आणि आम्हा वडीलधाऱ्यांना नामीचे मन दे. जे रागाने घराबाहेर गेले त्यांच्यासाठी आमची दारे उघडी राहोत. पवित्र मरिये, संत योसेफा, आमच्या कुटुंबांसाठी विनंती करा. आमेन.